चौदा नंबरची मेंढी

प्रिय लेकी रमाता,

हे पत्र तुला लत्तीर आणून देईल. आपल्या मेंढ्यांचं रक्त न्यायला मोटरसायकलवरून येतो तो सेरेर जमातीचा. तुझ्या लग्नात चार माणसांचा भात एकट्याने संपवून वर ‘जेवण कधी आहे’ असं विचारणारा, तोच. आत्ता तो बोअरच्या टाकीवर फोन लावायला गेला आहे. आपल्याकडे रेंज अजून तिथेच मिळते. परत आला की एक पेला चहा पिईल आणि निघेल. तेवढ्या वेळात मला हे पुरं करायचं आहे, आणि माझा हात किती हळू चालतो ते तुला माहीत आहे. बोअरच्या शेडमध्ये अक्षरांचा वर्ग भरायचा तेव्हा बाप आणि लेक एकाच फळ्यासमोर बसायचो. तुझी ओळ संपली की तू माझ्या वहीत डोकवायचीस आणि हळूच म्हणायचीस, बाबा, शब्दांमध्ये जागा सोडा, मेंढरं कोंडल्यासारखी अक्षरं कोंडू नका. आज चुकलं तर चुकू दे. वाचता आलं म्हणजे झालं.

फोन का नाही केला, असं म्हणशील. तुमच्या वस्तीत फोन एकच, तो तुझ्या सासऱ्याच्या खिशात. इफ्रा फोनवर बोलतो तेव्हा पलीकडच्या माणसाला फोनची गरजच नसते, इतका ओरडतो. मला जे सांगायचं आहे ते त्याच्या हातून तुझ्यापर्यंत जाऊ शकत नाही. शिवाय बापाने लेकीशी ज्या गोष्टी बोलायच्या नसतात त्यातली ही एक. पहिलटकरणीच्या पोटाबद्दल तिच्या बापाने तोंडातून शब्द काढायचा नाही. माझ्या बापाने तुझ्या आत्यांच्या वेळी काढला नाही. मी तोंडाने बोलत नाही, हाताने लिहितो आहे. ही पळवाट आहे हे मला कळतं.

आधी इकडचं सांगतो. पाऊस उशिरा आला पण बरा झाला. गवत गुडघ्याच्या वर आहे, तळं काठोकाठ भरलं आहे. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. माझं गुडघ्याचं दुखणं तसंच आहे. तुझ्या आईची तब्येत चांगली आहे, फक्त बोलणं कमी झालं आहे. तिने तुझ्यासाठी नवी चटई विणली होती, कडेला निळी दोरी घालून. सातवा महिना संपला की तू येणार, पहिलं लेकरू आईच्या झोपडीत होणार, हे आपल्यात कोणाला ठरवावं लागत नाही. तिने दिवस बाजारांवर मोजले होते, अजून तीन बाजार, अजून दोन. आणि मग इफ्राचा निरोप आला की तुमच्या तळ्यावर ताप निघालाय असं ऐकलं, सुनेला आम्ही पाठवत नाही, बाळंतपण इथेच करू, मनात राग धरू नका. आईने चटई गुंडाळून आढ्याला बांधली. म्हणाली, “बरोबर आहे त्यांचं. आपल्या हौसेपायी पोरीला तापात ओढायचं का?” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तुम्ही का गप्प? बरं म्हणा, वाईट म्हणा, काहीतरी म्हणा.” मी म्हणालो, कुंपण बघून येतो. त्या दिवशी मी कुंपण चार वेळा बघून आलो. कुंपणाला काही झालेलं नव्हतं.

आता मेंढीचं सांगतो. दोन पावसाळ्यांपूर्वी लत्तीरने आपल्या पंचवीस शेळ्यामेंढ्यांच्या कानात पिवळे बिल्ले ठोकले, तेव्हा तू त्यांचे पाय धरायला होतीस. दर पंधरा दिवसांनी तो येतो, मानेची शीर शोधतो, रक्त काढतो आणि बर्फाच्या पेटीत घालून राजधानीत, डाकारला पाठवतो. डासांपासून होणारा तो ताप माणसात यायच्या आधी जनावरात येतो, म्हणून ही पंचवीस पाळतीवर ठेवलेली. बदल्यात आपल्याला जंताचं औषध आणि उन्हाळ्यात पेंडीची पोती. अटी चारच होत्या. विकायची नाहीत, कापायची नाहीत, त्या तापाची लस टोचायची नाही, आणि या तळ्यापासून हलवायची नाहीत. पहिल्या तीन अटींना मी लगेच मान डोलावली. चौथीला लत्तीर स्वतःच हसला. “फुल्बे माणसाला सांगायचं की जनावर हलवू नको. त्यापेक्षा तुला सांगतो, म्हातारबा, श्वास घेऊ नको.” मी म्हणालो, तुम्ही सेरेर लोक भाताच्या पातेल्यापासून हलता का कधी? तो आणि मी असेच बोलतो. आपण फुल्बे आणि ते सेरेर, पिढ्यान्पिढ्या थट्टेतले भाऊ, तो मला गुलाम म्हणतो, मी त्याला गुलाम म्हणतो, दोघांनाही त्याशिवाय चहा गोड लागत नाही. हे तुला सांगायला नको, पण या थट्टेनेच माझा घात केला म्हणून लिहिलं. थट्टेने नाही. मीच केला.

पावसाच्या तोंडाला दोन दिवस गार वारा आणि पाऊस झाला, तेव्हा इफ्राच्या निम्म्याहून जास्त मेंढ्या आखडून मेल्या. तू तिथे होतीस, तू पाहिलंस. आठ दिवसांनी तो माझ्याकडे आला. तीन पेले चहा झाला, गवताचं बोलणं झालं, मग म्हणाला, एक गाभण मेंढी दे, कोकरू माझं, आई तुझी तुला परत. असं मागायला येणाऱ्याला आपण नाही म्हणत नाही. माझ्यावर वेळ आली होती तेव्हा मलाही कोणी नाही म्हटलं नव्हतं. वर तो जावयाचा बाप. मी म्हणालो, तुला हवी ती निवड. त्याने तुझ्या जुन्या पांढऱ्या मेंढीची लेक निवडली, तपकिरी तोंडाची. म्हणाला, सुनेला तेवढीच माहेरची सोबत. मी त्याला कानातला बिल्ला दाखवला. चौदा नंबर. तो म्हणाला, “बिल्ला सरकारचा असेल. मेंढी तुझी आहे ना?” मेंढी माझीच होती. माझी नाही म्हणू?

मी पक्कडीने बिल्ल्याची खुंटी कापली आणि तसल्याच तपकिरी तोंडाच्या एका म्हाताऱ्या मेंढीच्या कानात तो तारेने अडकवला. लत्तीरला सांगितलं, काट्यात अडकून तुटला होता, मी बांधला. त्याने नंबर वाचला, रक्त काढलं, गेला. पुढच्या खेपेलाही तसंच. दोन्ही वेळेला डाकारहून कळलं की चौदा नंबर स्वच्छ आहे. मला वाटलं, चला, कोणाचं काही बिघडलं नाही. तरी लत्तीरच्या मोटरसायकलचा आवाज आला की मी त्या म्हातारीच्या कानातली तार पुन्हा तपासून यायचो.

मग तो म्हणाला की पुढच्या खेपेला डाकारहून डॉक्टरीणबाई येणार आहेत, प्रत्येक जनावराचे दात बघून वय लिहिणार आहेत. चौदा नंबर वहीत चार दाती आहे, म्हणजे तरणी. ती म्हातारी तर पूर्ण जुळलेली, आठही दात आलेली, त्यातले दोन पडलेले. माझी झोप उडाली. तीन दिवस आधी मी गाढवावर बसून तुमच्याकडे आलो, दिलेली मेंढी मुदतीआधी परत मागायला. असलं काम आमच्या घराण्यात कोणी केलं नव्हतं. इफ्राने एका शब्दाने विचारलं नाही. स्वतः दोरी लावून मेंढी आणली आणि म्हणाला, “कोकरू गेलं, दिवस भरायच्या आत. माझ्या नशिबात नव्हतं. तू वाईट वाटून घेऊ नकोस, मेंढी गुणाची आहे.” मला खरं तर हायसं वाटलं, की आता त्याचं काही राहिलं नाही, मेंढी नेली तरी चालेल. बघ मी कसा माणूस आहे. तेव्हा तू कुंपणाच्या आत होतीस. दुसरी एक मेंढी आडवी झाली होती आणि तू गुडघ्यांवर बसून तिचं मेलेलं पिल्लू ओढून काढत होतीस. तुझे हात मनगटापर्यंत भरले होते. तू मला पाहिलंस आणि रीतीप्रमाणे नजर खाली केलीस, मीही रीतीप्रमाणे दुसरीकडे पाहिलं. आजूबाजूला अजून चार मेंढ्या व्यायच्या होत्या, त्या मी मोजल्या. गुराख्याची सवय, डोळे आपोआप मोजतात. एका वस्तीत इतक्या मेंढ्या का गाभडतात, हे मात्र माझ्या मनात आलं नाही. आलं असेल तर मी त्याला गार वाऱ्याचं नाव दिलं.

घरी आणून बिल्ला पुन्हा तिच्याच कानात बांधला आणि डॉक्टरीणबाई आल्या. दात पाहिले, चार मोजले. म्हणाल्या, “छान ठेवलीत जनावरं, बाबा.” तपकिरी तोंडाच्या मेंढीचं रक्त काढलं. दहा दिवसांनी लत्तीर आला तो थट्टा न करताच आला. चौदा नंबरच्या रक्तात तापाची ताजी खूण सापडली होती. दोनदा स्वच्छ आणि तिसऱ्यांदा खूण, म्हणजे ताप याच तळ्यावर आणि याच पंधरवड्यात आला, असं त्यांनी धरलं. तसंच धरणार ना? माणसं आली, तळ्याच्या कडेला औषध मारलं, डास पकडायच्या जाळ्या टांगल्या. गुरुवारच्या बाजारात इकडची मेंढरं यायला बंदी झाली. शेजारचे लोक आमच्या विहिरीला वळसा घालून जायला लागले. आणि बातमी तुमच्याकडे पोचली, नऊ दिवसांपूर्वी.

मी सांगायला गेलो, रमाता. खरंच गेलो. दुसऱ्याच दिवशी, जाळ्या उतरवत होते तेव्हा, पाच-सहा माणसांसमोर लत्तीरला म्हणालो, ही मेंढी इथे नव्हतीच, मी बिल्ला दुसरीच्या कानात अडकवला होता. तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. “ऐका हो, ऐका! फुल्बे म्हाताऱ्याने मेंढी पळवली, आणि कोणाची, तर स्वतःचीच. गुलामा, तुला चोरी तरी धड शिकवली का रे कोणी?” सगळे हसले. लत्तीरच्या जागी मी असतो तर मीही हसलो असतो, सेरेर आणि फुल्बे यांच्यात खरं बोलायची पद्धतच नाही. मला एकच वाक्य आणखी बोलायचं होतं. थट्टा नाही, एवढंच. ते मी बोललो नाही. मी हसलो. सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो असेन.

त्यानंतर मला काही सुचेनासं झालं. उठायचं, तळ्यावर जायचं, परत यायचं. चोवीस जनावरांचं रक्त पुन्हा काढलं, सगळी स्वच्छ निघाली. लत्तीर म्हणाला, नवल आहे, डासांना एकच मेंढी आवडली. मी म्हणालो, हो, नवल आहे. तुझी आई विचारते, जेवत का नाही. बाजरीच्या कण्या आणि ताक समोर येतं आणि मी त्यात बोट फिरवत बसतो. मी स्वतःला सांगत होतो की काही होणार नाही, तू धडधाकट आहेस, आमच्या घरच्या बायका लोखंडाच्या असतात. मग पुन्हा त्या चार मेंढ्या मोजायचो. आज कोणती व्याली असेल, आणि ओढायला कोण बसलं असेल.

आज सकाळी चहा-साखर विकणारा आला, तो तुमच्या बाजूने आला होता. मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, इफ्राकडचं काय. तो म्हणाला, “म्हातारा तीन दिवस पडून आहे. अंग भाजतंय, डोळे लाल झालेत, उजेड सोसत नाही. आणि मेंढ्यांचं विचारूच नका, एकही कोकरू जगत नाही.” मी विचारलं, आणि सून? तो म्हणाला, “ती ठीक दिसली. बाजरी कांडत होती. म्हाताऱ्याचं आणि मेंढ्यांचं सगळं तीच करते, तुमचा जावई गुरं घेऊन दक्षिणेला गेलाय ना.” त्याने साखर मोजायला घेतली. मी साखर न घेताच उठलो.

लत्तीर दुपारी येणार होता. मी वाटेवरच जाऊन उभा राहिलो. त्याने दुरूनच सुरू केलं, “काय गुलामा, राजा येणार म्हणून स्वागताला का?” मी काही बोललो नाही. तो जवळ आला. “जीभ कुठे गहाण टाकलीस? का तीही कोणाच्या कानात अडकवलीस?” मी तरीही गप्प. आमच्यात टोमण्याला उत्तर दिलं नाही असं आजवर झालेलं नाही. त्याने गाडी बंद केली आणि हळू विचारलं, “कोण गेलं?” मी म्हणालो, अजून कोणी नाही. आज मी तुझा थट्टेतला भाऊ नाही, लत्तीर. तुझ्यासमोर मलाल नावाचा एक माणूस उभा आहे, त्याने तुला खोटं रक्त दिलं, ते ऐकून घे. मी म्हाताऱ्या मेंढीला धरून आणलं आणि तिच्या कानातलं तारेचं भोक दाखवलं. मग बाकीचं सांगितलं, इफ्रा, मुदत, कोकरू, तुझे हात, चार मेंढ्या. तो वाळूत बसून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “नऊ दिवस, म्हातारबा. नऊ दिवस आम्ही रिकाम्या तळ्यावर औषध मारलं.” त्याने मला गुलाम म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

तुझी आई मागे उभी होती. ती कधी आली मला कळलं नाही, पण सगळं ऐकण्याइतकी आधी आली होती. तिने लत्तीरला एकच विचारलं, पोटुशीला काय होतं? लत्तीर म्हणाला, गाभण मेंढ्यांना काय होतं ते दिसतंच आहे, बायकांचं कोणी शपथेवर सांगत नाही, पण माझी बायको असती तर मी तिला तिथे आणखी एक दिवस ठेवलं नसतं. रक्त, वार, मेलेलं पिल्लू, कच्चं दूध, काहीही हाताळू दिलं नसतं. आणि इथेही आणू नका, ती मेंढी इथेच बांधली आहे आणि डास इथेही आहेत. आई झोपडीत गेली. आढ्याची चटई काढली, गाढवगाडी जुंपली आणि निघाली.

मोटरसायकल ऐकू येते आहे, म्हणून आता सरळ लिहितो. ताप आमच्या तळ्यावर नाही, तुमच्या तळ्यावर आहे. तुला सुरक्षित ठेवायचं म्हणून जिथे थांबवलं, तिथेच तो आहे, आणि हे नऊ दिवस फक्त मला माहीत होतं. हे वाचून झालं की मेंढ्यांच्या कुंपणात पाऊल टाकू नकोस, कोणी हाक मारली तरी. इफ्राला बघायला लत्तीर आहे, तो त्याला दवाखान्यात न्यायची सोय करतो आहे. आजारी माणसाला टाकून गेली असं कोणी म्हणालं तर ते बोलणं माझ्या नावावर. सासऱ्याची परवानगी मागू नकोस, त्याला मी काय केलं ते लत्तीर सांगेल, आणि बरा झाला की मी त्याच्या दारात येऊन बसेन, तो उठ म्हणेपर्यंत. तुझी आई तुमच्या वस्तीत येऊ शकत नाही, पहिलं लेकरू व्हायच्या आधी जावयाच्या घरी सासू येत नसते. ती वाटेवरच्या एकट्या बाभळीखाली गाडी उभी करून थांबली असेल. ती तुला लिंगेरला मावशीकडे नेईल, तिथे पक्कं घर आहे आणि दवाखाना चालत जाण्याइतका जवळ आहे. आई जिथे असेल तिथे माहेर, असं समज. पोटातल्या लेकराबद्दल मी आत्ता लिहितो आहे, हे मला शोभत नाही, पण त्याला सांग की त्याचा आजा भित्रा आहे, आणि हे त्याने आजच ऐकलेलं बरं. गाठोडं बांधायला थांबू नकोस. माझ्यावर रागवायचं असेल तर गाडीत बसून रागाव.

तुझाच,
बाबा